चांगुणाआत्याच्या छातीचा फोटो

"डॉक्टरसाहेब, एक्सरेच्या फोटोत लुगड्याच्या आतलं सगळं दिसतं का?"

मी हे विचारलं आणि अख्खी दहावी 'अ' एकदम गप्प झाली. मग मागच्या बाकावर अनसूयानं रुमाल तोंडात कोंबला आणि उमा बाकाखाली गेली. प्रश्न त्या दोघींचाच होता. "तुझं तोंड लई चालतंय ना हल्ली? मग विचार की! न्हाय विचारलंस तर परत आमच्यापुढं भाषणाची ऐट दाखवायची न्हाय," असं म्हणून त्यांनी मला उभं केलं होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या टेबलावर शाई सांडली होती.

राघवेंद्र डॉक्टर मात्र हसले. त्यांनी नळदुर्गात बसस्टँडच्या मागं नवा दवाखाना काढला होता, एक्सरेचं मशीन आणलं होतं, आणि फोटोसाठी आता सोलापूर गाठायला नको हे सांगत ते शाळांमधून फिरत होते.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "त्या फोटोत कापड दिसत नाही, कातडीही दिसत नाही. हाडं पांढरी दिसतात, फुप्फुसातली हवा काळी दिसते आणि हृदयाची नुसती सावली पडते. बायकांना आम्ही अंगावर झगा घालायला देतो. लाजायचं काही कारण नाही."

मी 'थँक्यू सर' म्हणून ऐटीत खाली बसले. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरी देतानासुद्धा अडखळायची. मग तुळजापूरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला, आणि तेव्हा उघडलेलं तोंड अजून मिटलेलं नाही, असं आई म्हणते.

डॉक्टरांचं उत्तर मी नीट ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात 'मला कळलं नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही.

संध्याकाळी गल्लीत टँकर आला. घागरी, हंडे, डबे, सगळ्यांची रांग लागली. चांगुणाआत्या नुकतीच पाझर तलावाच्या कामावरून आली होती. केसांत माती, कमरेवर हात आणि आवाज असा की टँकरचा ड्रायव्हरसुद्धा दबकून असायचा. आत्या म्हणजे आमच्या आप्पांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी केली तशी ती आमच्याकडं आली, तेव्हा मी रांगत होते. मला शाळेत घालायला तीच भांडली. माझ्या वेण्या तीच घालायची. आणि आमच्या घरातली पहिली मॅट्रिक होणारी पोरगी म्हणून माझी दवंडीही तीच पिटायची, अजून परीक्षा झालेली नसताना.

"इशाखा, आज डाक्टरला काय इच्यारलंस म्हणं?" तिनंच विषय काढला. बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

मग काय! मी धुण्याच्या दगडावर चढले आणि सगळं करून दाखवलं. हेडमास्तर केले, अनसूया केली, डॉक्टर केले. बायका पाणी विसरून हसायला लागल्या.

"आगं पर तो काय म्हनला?" शेजारच्या भिमाबाईनं विचारलं.

खरं उत्तर सांगितलं असतं तर हसणं तिथंच विझलं असतं. मी नसलेला चष्मा नाकावर सारला आणि म्हणाले, "म्हणाले, सगळं दिसतं! लुगडं काय, परकर काय, बेंबीसुद्धा सोडत न्हाय मशीन!"

भिमाबाईचा हंडा हातातून सुटला. आत्या सगळ्यात जास्त हसली. डोळे पुसत म्हणाली, "आगं बया! मंग मेले तरी म्या न्हाय जायची तिथं."

मला ते शाबासकीसारखं वाटलं. खरं काय ते नंतर सांगू, असं मनात आलं होतं, पण घरी गेल्यावर भाकरी, अभ्यास, झोप. राहूनच गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. दहावीच्या मुलींना अभ्यासासाठी सुट्टी लागली होती. मी ओट्यावर भूमितीची प्रमेयं घोकत होते. कामावरच्या दोघी बायका आत्याला दोन्हीकडून धरून घेऊन आल्या. मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढताना ती मधेच 'आई गं' म्हणून खाली बसली होती. अंग घामानं भिजलेलं, ओठ पांढरे.

"काय होतंय, आक्का?" आप्पा दूध सोसायटीतून धावत आले. ते तिथं दुधाचं फॅट काढतात, हाताला अजून त्याचाच वास होता.

"पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधी सुरी फिरवल्यावानी झालं. आन आता खाली सरकतंय. कमरंकडं."

"चल. नव्या दवाखान्यात जाऊ. फोटो काढून बघतील."

"फोटो?" आत्या त्या दुखण्यातसुद्धा ताठ झाली. "फोटो न्हाय काढायची म्या! उसण हाय ही. आपल्या घरात पायाळू पोरगी असताना डाक्टर कशाला? इशाखा, ये हिकडं."

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. लहानपणी लोक मला खांद्यावर बसवून न्यायचे, पाय लावून झाला की हातावर गूळ ठेवायचे. विज्ञानाच्या पुस्तकात असलं काही नाही हे मला माहीत होतं. पण बरं वाटलं म्हणणारी माणसंही मी पाहिली होती, आणि कुणाला तरी आपली गरज आहे हे कुणाला आवडत नाही?

"बघा, आलं मोठं डाक्टर," आई म्हणाली. आईला आठवा महिना होता, भिंतीला धरूनच ती खाली बसली. "वन्सं, जाऊन तरी या. फोटोनं काय होतंय?"

"काय होतंय ते ह्या पोरीला इच्यार," आत्या कण्हत म्हणाली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा बोलायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण आप्पा समोर होते, कामावरच्या बायका होत्या, आणि मी खोटं बोलले हे सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा पाय लावणं सोपं होतं. आत्या पालथी झाली. मी डावी टाच तिच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे ठेवली आणि दाबली. हळू नाही दाबली. चांगला जोर लावून दाबली, म्हणजे लवकर गुण यावा. आत्याच्या तोंडून असा आवाज आला की मी पाय उचलला.

"गेली का?"

"गेली, गेली," ती म्हणाली. बहुतेक मी परत पाय ठेवू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत कळ खरंच कमी झाली. मी दुसऱ्या दिवशी उमाला सांगूनही आले, "नव्या दवाखान्याला माझ्या टाचेनं टक्कर दिली."

पण आत्या कामावर गेली नाही. भिंतीला टेकून बसायची, बसल्या बसल्याच झोपायची. तिचा आवाज बसला. पाणंदीतून हाक मारली की शाळेत ऐकू येणारा तो आवाज, आता तिला पाणी हवं असलं तर वाटी वाजवावी लागे. धुळीनं बसला असेल, असं आई म्हणाली. मीही तेच म्हणाले. आणि वाटी वाजली की सगळ्यांच्या आधी मीच पाणी घेऊन पळायची.

मग एका सकाळी चूल पेटवताना ती कलंडली. आप्पांनी तिला काही विचारलं नाही. सोसायटीची दुधाची गाडी दाराशी लावली, कॅन उतरवले आणि तिला आत झोपवलं. आईला जाता येत नव्हतं, म्हणून मी बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

राघवेंद्र डॉक्टरांनी उजव्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं. मग डाव्या. मग परत उजव्या. प्रत्येक वेळी त्यांची भुवई आणखी वर जात होती.

"ब्लडप्रेशर फार वाढलंय. आणि दोन हातांत दोन वेगळी येतायत. कळ कुठं सुरू झाली होती? पाठीत? आणि खाली सरकत गेली?" त्यांनी आप्पांचं उत्तर संपायच्या आतच फोटो काढणाऱ्या माणसाला हाक मारली, "महालिंगप्पा, मशीन तयार ठेवा. छातीचा फोटो."

आत्यानं पदर दोन्ही मुठींत धरला. "न्हाय म्हंजे न्हाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्या फोटूत समदं दिसतंय. तुमीच साळंत सांगितलंव."

"मी?" डॉक्टर थांबले. मग त्यांची नजर माझ्याकडं वळली आणि त्यांना मी आठवले. त्या मोठ्या, चांगल्या प्रश्नाची मुलगी.  

"आत्या," मी म्हणाले, "डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी खोटं सांगितलं."

"बेंबी?"

"काहीच दिसत न्हाय. नुसती हाडं. वर झगा देतात."

आप्पा माझ्याकडं वळले. आत्यानं त्यांना हातानं थांबवलं.

"मंग असं का सांगितलंस?"

"सगळ्या हसत होत्या म्हणून."

 आत्या रागावली असती, शिवी दिली असती, तर मला काहीतरी हातात धरायला मिळालं असतं. तिनं नुसता पदर सोडला आणि महालिंगप्पांना म्हणाली, "कुठं उभं ऱ्हायचं, दादा?"

"उभं न्हाय, आक्का, बसूनच काढू," महालिंगप्पा म्हणाले. "मोठा श्वास घ्या. धरा. आता सोडा. झालं, एवढंच."

झालं, एवढंच. यासाठी तिनं इतके दिवस भिंतीला टेकून काढले होते.

महालिंगप्पांनी अंधाऱ्या खोलीत टँकरच्याच पाण्यात फिल्म धुतली आणि ओली असतानाच उजेडाच्या पेटीवर लावली. पांढऱ्या बरगड्या, त्यांच्यामधे काळं, आणि मधोमध एक सावली. डॉक्टरांनी सावलीच्या वरच्या भागावर बोट ठेवलं.

"इथं बघा. ही इतकी रुंद नसते. हृदयातून शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी निघते, ती ही. महाधमनी. तिची भिंत पदरापदरांची असते. आतला पदर फाटला की रक्त दोन पदरांच्या मधे शिरतं आणि फाडत पुढं जातं. म्हणून कळ सरकत जाते. आवाजाची नसही तिच्याशेजारूनच जाते, ती दाबली जाते. मला तोच संशय आहे."

"म्हंजे वाकळंचं आतलं फडकं उसवलं," आत्या कॉटवरून म्हणाली, "आन वरनं धड दिसतंय."

"अगदी तसं."

"डॉक्टर," मी विचारलं, "मी तिच्या पाठीवर पाय दिला होता. उसण समजून. जोरात. त्यानं झालं का?"

त्यांनी चष्मा काढला. "त्यानं फाटलं नाही. ते आधीच फाटलं होतं, वाढलेल्या ब्लडप्रेशरनं. पण त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर ते आणखी पुढं सरकलं नसतं, असं मी म्हणू शकतो. सरकलंय किती, ते मला या फोटोत दिसत नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं की आप्पांसाठी, मला कळलं नाही. मी ते घेतलं.

त्यांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, आत्याला कॉटवरून उठायचं नाही असं बजावलं. मग आम्हाला दोघांना व्हरांड्यात नेलं.

"हा फोटो म्हणजे नुसती सावली आहे," ते म्हणाले. "फाटलंय कुठं, हे सावलीवरून सांगता येत नाही. हृदयाजवळच्या भागात असेल तर छाती उघडून ऑपरेशन करावं लागतं, आणि थांबून चालत नाही. पाठीकडच्या भागात असेल तर गोळ्यांवर निभावू शकतं. उगाच छाती उघडायची नाही आणि उगाच थांबायचंही नाही. म्हणून आत बघायला हवं. पुण्यात सीटी स्कॅनचं मशीन आलंय. हाताच्या शिरेत औषध सोडतात, ते रक्तात फिरतं, आणि मशीन छातीचे आडवे फोटो काढतं, काकडीच्या चकत्या केल्यासारखे. एकेका चकतीत दिसतं, खरी वाट कुठली आणि फाटून झालेली खोटी वाट कुठली."

"आणि त्यातही नाही कळलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर महाधमनीपर्यंत नेतात, तिच्यातून औषध सोडतात आणि भराभर फोटो घेतात. पण हे त्यांना आत्ता सांगू नका. घाबरल्या तर ब्लडप्रेशर चढेल. तिथं गेल्यावर तिथले डॉक्टर समजावतील."

"न्हाय सांगत," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडं बघून परत म्हणाले, "न्हाय सांगायचं."

मी मान हलवली.

दुपारी आप्पा गाडीची सोय बघायला गेले. साखर कारखान्याची गाडी सोलापूर स्टेशनपर्यंत सोडणार होती, पुढं रेल्वे. मी आत्याजवळ बसले होते. मी झोपलेय असं समजून ती मला बघत होती, पण मीही तिला बघत होते.

"इशाखा, पुण्यात काय करतेत गं?"

"फोटो काढतात. मोठं मशीन आहे."

"नुसता फोटू? त्येला एवढ्या लांब?"

मी तिची चादर सारखी केली. तिनं माझ्या मनगटाला धरलं. हातात जोर नव्हता.

"खरं सांग. आता तू खोटं बोललीस तर मला कळायचं न्हाय. म्हणून इच्यारतेय."

काय करणार होते मी? डॉक्टर म्हणाले होते, सांगू नका. आप्पा म्हणाले होते, सांगायचं न्हाय. त्यांचं बरोबर होतं. पण एकदा लपवलेलं तिनं अंगावर सोसलं होतं, आणि पुण्यात ऐन वेळी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन तिचं लुगडं वर करू लागला असता, तर ती मला कधी माफ करणार होती? मी तिला सगळं सांगितलं. चकत्या सांगितल्या, नळी सांगितली, जांघही सांगितली. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू.

आत्यानं डोळे मिटले. "मंग न्हाय जायची," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाईन. गोळ्या खाईन."

सिस्टरनं येऊन ब्लडप्रेशर मोजलं, परत मोजलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. आप्पा आले, त्यांना सगळं कळलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोनदा. एकाच बाईचा जीव, आन दोनदा तुझंच तोंड."

त्या दिवशी मी कुणाशीच बोलले नाही. अनसूया आणि उमा गणिताचे पेपर सोडवायला बोलवायला आल्या. अनसूयानं सुरुवातीला काहीतरी थट्टाही केली, मग माझा चेहरा बघून म्हणाली, "चूक आमची पण हाय गं. आम्हीच विचारायला लावलं." तिला बरं वाटावं म्हणून मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर प्रश्न चांगला होता. डॉक्टरांनीही म्हटलं होतं. घाण उत्तराची होती, आणि ते माझं एकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचं ब्लडप्रेशर गोळ्यांनी खाली आलं होतं. मी तिच्या वेण्या घालत होते, आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या. ती भिंतीकडं तोंड करून होती.

"ती नळी घालतेत ते बापयच असत्याल?"

"डॉक्टर असतील. सिस्टरही असतात. बाई सिस्टर."

"दुखतंय?"

"सुई टोचताना. औषध सोडलं की अंगात गरम गरम वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारून आले आज."

"आन न्हाय केलं तर?"

"तर कुठं फाटलंय ते कुणाला कळणार न्हाय. डॉक्टरांनाही न्हाय."

तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आपलं मानूस असतं जवळ, बाईमानूस, तर गेलेबी असते. तोंडाम्होरं वळखीचा चेहरा असला की मानूस काय बी सोसतंय. पर तुज्या आईला कसं जमायचं, पोट हे एवढं आलंय. भिमाबाई जनावरं घेऊन चाराछावणीत." ती वळली आणि माझ्या हातातली फणी काढून घेतली. "तू जा. तुजी परीक्षा तोंडावर आलीया. बस अभ्यासाला. मला दाखीव मॅट्रिकचा कागूद, मंग मी मेले तरी चालंल."

"असं बोलायचं न्हाय!"

"बरं, न्हाय बोलत. जा."

मी घरी गेले. आप्पा आणि आई चुलीजवळ बसले होते, मधे चहा थंड होत होता. दोघं एकमेकांना तेच तेच सांगत होते. आई म्हणत होती, "मी येते, व्हायचं ते व्हईल." आप्पा म्हणत होते, "रेल्वेतच बाळंत झालीस तर? एकीला जपू का दोघींना?" माझं हॉलतिकीट देवळीत, बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी ठेवलेलं होतं, आत्यानंच ठेवलेलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"आप्पा," मी म्हणाले. "आई, तूपण ऐक."

"आता आणिक काय सांगितलंस तिला?" आप्पांनी मान वर न करताच विचारलं.

"काही न्हाय सांगितलं. तिनंही मागितलं न्हाय, मीच ठरवलंय." मी आईशेजारी खाली बसले. "मी मार्चच्या परीक्षेला बसत न्हाय. ऑक्टोबरला बसेन, तेव्हाही परीक्षा असते. आत्यासंग पुण्याला मी जाणार हाय. आप्पा, तुमी या किंवा सोसायटी सांभाळा, ते तुमी ठरवा. माझं ठरलंय."